चांद्रमोहिमांचं चावीचं घड्याळ : वाचक विचारतात

अपोलो मोहिमांत अंतराळवीरांच्या मनगटावर असलेल्या ओमेगा स्पीडमास्टर या चावीच्या क्रोनोग्राफबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. नेहमीची वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ.

प्रश्न : हे घड्याळ नासाने खास अंतराळासाठी बनवून घेतलं होतं, असं ऐकलं आहे. खरं का?

उत्तर : नाही. स्पीडमास्टर १९५७ मध्ये बाजारात आलं ते मोटार शर्यती डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्या मॉडेलचा क्रमांक सीके २९१५. वेग मोजायची टॅकिमीटर पट्टी तोवर तबकडीवर छापत. ओमेगाने ती काचेभोवतीच्या कड्यावर, म्हणजे बेझलवर नेली आणि तबकडी मोकळी केली. काळी तबकडी, उठून दिसणारे काटे, ठळक खुणा ही सगळी आखणी एका नजरेत आकडा वाचता यावा यासाठी होती. शर्यतीतल्या चालकाची ही गरज आणि अंतराळवीराची गरज एकच निघाली.

आतलं यंत्र तर त्याहून जुनं. कॅलिबर ३२१ हे लेमानिया कारखान्यातल्या आल्बेर पिगे यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला आखलं. व्यास २७ मिलिमीटर, त्यात मिनिटांची आणि बारा तासांची मोजणी.

अंतराळात ते पहिल्यांदा गेलं तेही सरकारी सामान म्हणून नाही. ३ ऑक्टोबर १९६२ रोजी वॉली शिरा यांनी सिग्मा ७ यानातून पृथ्वीला सहा प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा त्यांच्या हातावर त्यांचं स्वतःचं स्पीडमास्टर, मॉडेल सीके २९९८, होतं. नासाने रीतसर मागणी काढली ती १९६४ मध्ये.

प्रश्न : निवडीच्या चाचण्या नेमक्या कशा होत्या? बाकीची घड्याळं कुठे कमी पडली?

उत्तर : अंतराळवीरांचे प्रमुख डीक स्लेटन यांनी घड्याळांची गरज मांडली आणि चाचण्यांचं काम अभियंता जेम्स रेगन यांच्याकडे आलं. अनेक कंपन्यांना विचारणा झाली, उत्तरं आली चौघांची : ओमेगा, रोलेक्स, लॉन्जिन्स-विटनॉर आणि हॅमिल्टन. हॅमिल्टनने खिशातलं घड्याळ पाठवलं, त्यामुळे ते सुरुवातीलाच बाद झालं. उरलेल्या तिघांना एकापाठोपाठ एक अशा अकरा चाचण्यांतून जावं लागलं.

उष्णतेच्या चाचणीत ७१ अंश सेल्सियसला ४८ तास आणि लगेच ९३ अंशांना अर्धा तास. थंडीच्या चाचणीत उणे १८ अंशांना चार तास. मग जवळजवळ निर्वात केलेल्या कक्षात ७१ अंशांवरून पाऊण तासात उणे १८ आणि पुढच्या पाऊण तासात पुन्हा ७१, अशी पंधरा आवर्तनं. किमान ९५ टक्के आर्द्रतेत २४० तास. शुद्ध प्राणवायूत ४८ तास. सहा वेगवेगळ्या दिशांनी ४० जीचे, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या चाळीसपट जोराचे सहा धक्के, प्रत्येक धक्का ११ मिलिसेकंदांचा. १ जीपासून सव्वासात जीपर्यंत वाढत जाणारं त्वरण. पुढे हवेचा दाब काढून घेणं, हवेचा दाब १.६ पटींपर्यंत चढवणं, ५ ते २,००० हर्ट्झची थरथर अर्धा अर्धा तास तीन वेळा, आणि शेवटी १३० डेसिबलचा आवाज अर्धा तास.

यातली दमट हवेची आणि उष्णतेची चाचणी सर्वांत कठोर ठरली. रोलेक्स आर्द्रतेत दोनदा बंद पडलं आणि नंतर उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकून बाकीच्या काट्यांना अडकला. लॉन्जिन्सची काच उष्णतेत वाकडी होऊन सुटली. दुसरा नमुना वापरला तर दाब काढण्याच्या चाचणीत पुन्हा तेच झालं.

ओमेगा निर्दोष राहिलं असं मात्र समजू नका. दाब काढण्याच्या चाचणीत ते २१ मिनिटं पुढे गेलं, त्वरणाच्या चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं आणि तबकडीवरचा चमकता लेप निकामी झाला. तरीही चाचण्या संपल्या तेव्हा ते चालत होतं आणि त्याचा क्रोनोग्राफ काम देत होता. १ मार्च १९६५ रोजी ते नासाच्या मानवी उड्डाणांसाठी पात्र ठरलं. त्याच महिन्याच्या २३ तारखेला जेमिनी ३ मधून गस ग्रिसम आणि जॉन यंग ते घालून गेले, आणि ३ जूनला एड व्हाइट यांनी यानाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा ते त्यांच्या हातावर होतं.

या घड्याळाच्या जाहिरातींत चंद्र फार असतो. आम्हाला मात्र त्याचं खरं मोल या चाचण्यांत दिसतं. कोणाचीही शिफारस नव्हती, दुकानात मिळणारी घड्याळं घेतली आणि जे टिकलं ते निवडलं.

प्रश्न : चंद्रावर हवा नाही. तिथे साध्या प्लास्टिकच्या काचेचं घड्याळ टिकतं कसं?

उत्तर : घड्याळाची पेटी बाहेरून येणाऱ्या दाबासाठी बनवलेली असते. पाण्यात काच आत ढकलली जाते आणि रबरी सीलवर आणखी घट्ट बसते. निर्वातात उलटं होतं. आत अडकलेली हवा काचेला बाहेर ढकलते. स्पीडमास्टरची काच हेसालाइट या अॅक्रिलिकची असते आणि आतून एका ताणकड्याने पेटीत दाबून बसवलेली असते, म्हणून ती बहुतेक वेळा टिकते. प्रत्येक वेळी नाही. अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉट यांच्या स्पीडमास्टरची काच चंद्रावरच्या दुसऱ्या फेरीनंतर निघालेली दिसली आणि तिसऱ्या फेरीला त्यांनी सोबत नेलेलं बुलोव्हा कंपनीचं घड्याळ घातलं.

खनिज काचेपेक्षा प्लास्टिक बरं, याचं कारण तुकड्यांत आहे. काच फुटली की तिचे कण होतात, आणि वजनरहित यानात ते खाली पडून राहत नाहीत, हवेत तरंगत डोळ्यांत आणि श्वासात जातात. अॅक्रिलिकला तडा जातो, पण त्याचा चुरा होत नाही.

आणखी एक परिणाम असतो, पण तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. आतली हवा कमी झाली की बॅलन्स व्हीलला, म्हणजे झोके घेत घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकाला, होणारा विरोध घटतो, त्याचा झोका मोठा होतो आणि घड्याळाची गती बदलते. पेटीची सील चांगली असेल तर काही तासांच्या चांद्रफेरीत हा फरक जाणवण्याइतका वाढत नाही. उन्हातल्या तापमानाचाही प्रश्न होता. कारण घड्याळ सूटच्या बाहेर, लांब नायलॉनच्या वेल्क्रो पट्ट्याने बांधलेलं असे. जाड सूटवरूनही तो पट्टा आवळता येई आणि सूटमधल्या दाबाने बाही फुगली तर सैलही करता येई.

प्रश्न : वजनरहित अवस्थेत ऑटोमॅटिक घड्याळाचा रोटर फिरत नाही, म्हणून नासाने चावीचं घेतलं. हे बरोबर ना?

उत्तर : हे सर्वत्र सांगितलं जातं, पण ते बरोबर नाही. रोटर म्हणजे फिरून स्प्रिंग भरणारं वजन. तो गुरुत्वाने खाली ओढला जातो हे खरं, पण त्याला जडत्वही असतं. हात हलला, मनगट वळलं की पेटी फिरते आणि रोटर मागे राहतो, तेवढ्याने स्प्रिंग भरते. १९७३-७४च्या स्कायलॅब ४ मोहिमेत विल्यम पोग यांनी सेइको ६१३९ हा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ वापरला आणि तो चालला. १९६४ मध्ये चावीचं घड्याळ निवडलं गेलं त्याचं कारण सरळ आहे. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ बाजारात आले तेच १९६९ मध्ये.

बॅलन्स व्हील आणि केसासारखी स्प्रिंग यांच्या झोक्याला गुरुत्व लागत नाही. लंबकाचं घड्याळ कक्षेत बंद पडेल, मनगटी घड्याळ पडणार नाही. उलट, पृथ्वीवर तबकडी वर, चावी खाली अशा वेगवेगळ्या स्थितींत जो काही सेकंदांचा फरक पडतो, तो तिथे नाहीसा होतो.

प्रश्न : आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर हे घड्याळ घातलं नव्हतं, असं वाचलं. आणि अपोलो १३ ला या घड्याळाने वाचवलं म्हणतात, त्यात तथ्य किती?

उत्तर : पहिलं खरं आहे. चांद्रयानातला इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडला होता, म्हणून आर्मस्ट्राँग यांनी आपलं स्पीडमास्टर यानातच ठेवलं. चंद्रावर चाललं ते बझ ऑल्ड्रिन यांच्या हातावरचं, मॉडेल १०५.०१२, आत कॅलिबर ३२१. ते घड्याळ पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवताना हरवलं आणि आजवर सापडलेलं नाही.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. वीज वाचवण्यासाठी चांद्रयानातली मार्गदर्शन यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि परतीचा मार्ग थोडा सरकलेला होता. तो दुरुस्त करायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, कमी नाही की जास्त नाही. जिम लॉव्हेल आणि फ्रेड हेझ यांनी पृथ्वीवरच्या दिवस-रात्रीच्या सीमारेषेवर नजर ठेवून यानाची दिशा हाताने धरली आणि जॅक स्वायगर्ट यांनी स्पीडमास्टरवर सेकंद मोजले. त्यामुळे वाचवलं ते तिघांनी आणि जमिनीवरच्या मोठ्या ताफ्याने. घड्याळाने आपलं नेमून दिलेलं काम केलं, आणि त्या क्षणी त्या कामाला दुसरा भरवशाचा पर्याय नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतराळवीरांच्या वतीने दिला जाणारा सिल्व्हर स्नूपी पुरस्कार ओमेगाला मिळाला.

प्रश्न : ३२१ आणि ८६१ या यंत्रांत फरक काय? ३२१ साठी लोक इतके पैसे का मोजतात?

उत्तर : आधी क्रोनोग्राफ चालतो कसा ते पाहू. सेकंदाच्या चाकाच्या दांड्यावर मागच्या बाजूला एक चाक बसवलेलं असतं, ते सतत फिरतं. त्याच्याशी जोडलेलं दुसरं चाक एका हलत्या दांडीवर असतं. वरचं बटण दाबलं की ही दांडी किंचित सरकते आणि ते चाक मधल्या, अतिशय बारीक दात्यांच्या क्रोनोग्राफ चाकात गुंततं. मोठा सेकंदकाटा धावू लागतो. पुन्हा दाबलं की दांडी मागे जाते आणि ब्रेक चाकाला पकडतो. खालच्या बटणाने हातोडी सुटते आणि हृदयाच्या आकाराच्या चकतीवर, म्हणजे कॅमवर पडते. तो आकार असा असतो की हातोडी कुठेही पडली तरी काटा सर्वांत खोल जागी, म्हणजे शून्यावर येतो.

या सगळ्या दांड्यांना हुकूम कोण देतं, त्यात फरक आहे. ३२१ मध्ये कॉलम व्हील असतं. बटणाच्या प्रत्येक दाबाला ते एक दाता पुढे सरकतं, त्यावरचे उभे खांब दांड्यांना उचलतात किंवा दोन खांबांमधल्या खाचेत पडू देतात. ते कोरून, घासून बनवावं लागतं. ८६१ हे १९६८ मध्ये आलं. त्यात दोन स्थितींत हलणारा कॅम आणि ठशाने कापलेल्या दांड्या आहेत. बनवायला सोपं, जुळवायला सोपं. बटण मात्र थोडं कडक लागतं. ३२१ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. ८६१ चे २१,६००, म्हणजे सहा.

रोज वापरायला ८६१ आणि त्याचं पुढचं रूप १८६१ ही तोडीस तोड यंत्रं आहेत, किंबहुना सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने सरस. ३२१ चं आकर्षण त्याच्या घडणीत आणि इतिहासात आहे. पाठीचं झाकण उघडून बटण दाबलं की प्रत्येक हालचाल डोळ्यांनी दिसते, कारण आणि परिणाम एकापुढे एक. अशी यंत्रं फार थोडी असतात आणि त्यांच्यासाठी कोणी जास्त मोजत असेल तर ते समजण्यासारखं आहे. ओमेगाने २०१९ मध्ये ३२१ पुन्हा बनवायला घेतलं. सध्याच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये ३८६१ आहे; ते १५,००० गाउसच्या चुंबकीय क्षेत्रातही चालतं.

प्रश्न : बेझलवरची टॅकिमीटर पट्टी कशी वापरायची?

उत्तर : एक किलोमीटरचं अंतर सुरू होताना क्रोनोग्राफ सुरू करा, संपताना थांबवा. काटा बेझलवर ज्या आकड्यासमोर थांबला तो ताशी वेग. ४५ सेकंद लागले तर ८०. पट्टीमागचं गणित ३,६०० भागिले सेकंद, एवढंच. एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर पट्टी निरुपयोगी. तेव्हा अर्धा किलोमीटर मोजा आणि आलेला आकडा निम्मा करा. अंतरच हवं असं नाही. एक नग तयार व्हायला ३० सेकंद लागत असतील तर तासाला १२०, हेही त्याच पट्टीवर वाचता येतं.

प्रश्न : माझ्या १८६१ मध्ये क्रोनोग्राफ सुरू करताना काटा उडी मारतो, कधी शून्याच्या जरा बाजूला थांबतो. क्रोनोग्राफ चालू ठेवला की घड्याळही मागे पडतं. हे दोष आहेत की असंच असतं?

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

सुरुवातीची बारीक उडी हा या रचनेचा स्वभाव आहे. बाजूने येणारं चाक दात्यावर दाता आदळून गुंततं, त्यामुळे काटा किंचित पुढे किंवा मागे सरकतो. उडी अर्ध्या सेकंदाहून जास्त असेल किंवा काटा धावताना थरथरत असेल, तर मधल्या चाकाला हलका दाब देणारी पातळ स्प्रिंग सैल झालेली असते. कारागिराने ती जरा वाकवली की थरथर थांबते. जास्त वाकवली तर घड्याळ बंद पडेल, म्हणून हे घरी करू नये.

प्रत्येक वेळी काटा एकाच बाजूला, तेवढाच चुकत असेल तर तो दांड्यावर नीट दाबला गेलेला नाही. काढून पुन्हा बसवावा लागतो. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर काटा दांड्यावर सैल आहे किंवा हातोडी पूर्ण खाली येत नाही.

क्रोनोग्राफ चालू असताना यंत्रावर जास्त भार पडतो, म्हणून बॅलन्सचा झोका थोडा कमी होणारच. झोका मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर २० ते ३० अंशांची घट चालते. घट याहून बरीच जास्त असेल तर दाते फार खोल गुंतत आहेत. ही खोली विकेंद्री स्क्रूंनी ठरते. वाईट सर्व्हिसिंगमध्ये नेमके हेच स्क्रू अंदाजाने फिरवलेले आढळतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्रोनोग्राफच्या दात्यांना तेल लावणं. ते दाते कोरडेच ठेवायचे असतात. तेल धूळ धरतं आणि चाकाला ओढ लागते.

सहाच्या जागेवरचा तासांचा छोटा काटाही पाहा. क्रोनोग्राफ बंद असताना तो हळूहळू सरकत असेल, तर त्याचा ब्रेक पकडत नाही. ती मोजणी मुख्य स्प्रिंगच्या डब्यावरून घर्षणाने चालते, त्यामुळे ब्रेक ढिला पडला की काटा आपसूक रांगू लागतो.

रोजच्या वापरात चावी ठरलेल्या वेळी द्या आणि ठाम अडथळा जाणवला की थांबा. काटा धावत असताना खालचं बटण दाबू नका, आधी थांबवा. पाण्यात एकही बटण दाबू नका. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं तर स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने चिकटले असण्याची शक्यता मोठी. होकायंत्र जवळ नेऊन पाहा. सुई थरथरली की खात्री समजा. चुंबकत्व काढायला एक मिनिट पुरतं. सर्व्हिसिंग पाच ते आठ वर्षांनी.

प्रश्न : प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे घरी जातात का?

उत्तर : जातात. बेझलवर चिकटपट्टी लावून तो झाका, अॅक्रिलिकची पॉलिश पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी घ्या आणि सुती कापडाने पाच मिनिटं छोट्या वर्तुळांत, हलक्या हाताने घासा. नखाला लागणारा ओरखडा यात पूर्ण जाणार नाही. तडा असेल तर काच बदला, कारण तिथूनच ओलावा आत शिरतो. अस्सल काचेच्या बरोबर मध्यभागी आतून ओमेगाचं अतिसूक्ष्म चिन्ह असतं, ते भिंगाने दिसतं.

प्रश्न : १९६०च्या दशकातलं जुनं स्पीडमास्टर घ्यायचं आहे. काय तपासावं?

उत्तर : पाठीचं झाकण उघडू देत नसेल त्या विक्रेत्याकडून घेऊ नका. मॉडेलचा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला आणि यंत्राचा क्रमांक यंत्रावर असतो. दोन्ही एका काळाचे हवेत. १०५.००३ ची पेटी सरळ पायांची (पाय म्हणजे पट्टा अडकवायची टोकं), चावीला संरक्षक कडा नसलेली. १०५.०१२ आणि १४५.०१२ ची पेटी उजवीकडे फुगीर, पाय पिळदार. यांच्यात अदलाबदल दिसली तर थांबा.

३२१ च्या काळातल्या बहुतेक तबकड्यांवर ओमेगाचं चिन्ह धातूचं, वेगळं बसवलेलं असतं. ८६१ च्या काळात ते छापलेलं होतं. बेझलवर ९० या आकड्याजवळचा ठिपका पाहा. साधारण १९७० पर्यंत तो आकड्याच्या वर असे, नंतर बाजूला आला. एवढ्या ठिपक्यावर बेझलची किंमत कितीतरी पट बदलते, म्हणून नकलाही याच भागाच्या जास्त.

सहाच्या खुणेखाली स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असेल तर लेप ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा जोर निम्मा होतो. साठ वर्षांपूर्वीचा असा लेप अंधारात तासभर चमकत असेल तर तो नव्याने लावलेला आहे. काट्यांवरचा आणि तबकडीवरचा लेप एकाच रंगाने पिवळलेला हवा.

सर्वांत सावध राहायचं ते जुळवलेल्या घड्याळांपासून, कारण त्यांचा प्रत्येक भाग अस्सल असू शकतो. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक सीके २९१५ तीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेलं. ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं, असं ओमेगानेच २०२३ मध्ये जाहीर केलं. तज्ज्ञांच्या हातून असं सुटू शकतं, तर खरेदीआधी यंत्राचे, झाकणाच्या आतल्या भागाचे आणि तबकडीचे जवळून काढलेले फोटो मागवून दुसऱ्या, व्यवहाराशी संबंध नसलेल्या कारागिराला दाखवा. सर्व्हिसिंगमध्ये बदललेले काटे किंवा चावी हा दोष नाही, किंमत मात्र त्याप्रमाणे कमी धरायची आणि काढलेले जुने भाग असतील तर तेही मागून घ्यायचे.